यंत्राची चाल कोणाच्या हाती? घरगुती सीएनसी राउटरचा इतिहास आणि सिंधुदुर्गातील कारागिरी

प्रस्तावना

लाकूड, प्लायवूड, ॲक्रिलिक किंवा ॲल्युमिनियमसारखा मऊ धातू ठरवून दिलेल्या आकृतीप्रमाणे आपोआप कापणाऱ्या व कोरणाऱ्या यंत्रास सीएनसी राउटर असे म्हणतात. सीएनसी म्हणजे संगणकाच्या साहाय्याने केलेले संख्यात्मक नियंत्रण होय. या यंत्रात कापणारे पाते वेगाने फिरत असते आणि ते डावी-उजवी, पुढे-मागे व वर-खाली अशा तीन दिशांना किती सरकावे हे आकड्यांनी ठरविलेले असते. हे यंत्र तयार विकत घेता येते, त्याचप्रमाणे सुटे भाग जमवून घराच्या पडवीत किंवा गाडी ठेवण्याच्या जागेत स्वतः बांधताही येते. या दुसऱ्या प्रकाराकडे बहुधा एक छंद किंवा काटकसरीचा उपाय म्हणून पाहिले जाते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन याहून निराळे आहे. घरगुती सीएनसी राउटरचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या स्वस्तपणात नाही. आकृती काढणारा, यंत्रास आज्ञा देणारा आणि यंत्र चालविणारा या तीन व्यक्तींची विसाव्या शतकाच्या मध्यास फारकत झाली. घरी बांधलेल्या यंत्रात त्या तिघी पुन्हा एकत्र येतात, हे त्याचे खरे महत्त्व होय. तळेरेसारख्या गावाच्या आणि एकूण सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून उपजीविकेचा आहे. म्हणून त्याचा इतिहासाच्या अंगाने विचार करणे आवश्यक वाटते.

तळेरे आणि कारागिरीच्या तीन वाटा

कणकवली तालुक्यातील तळेरे हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव आहे. येथून एक रस्ता पश्चिमेस विजयदुर्गाकडे उतरतो. दुसरा पूर्वेस वैभववाडी व गगनबावडामार्गे घाट चढून कोल्हापुरास जातो. महामार्गानेच दक्षिणेकडे गेल्यास कणकवली, कुडाळ ओलांडून सावंतवाडीचा परिसर लागतो. या तिन्ही दिशांना यंत्र व हस्तकौशल्य यांच्या इतिहासातील तीन महत्त्वाची उदाहरणे आढळतात.

पहिले उदाहरण विजयदुर्गाचे. हा किल्ला मराठी आरमाराचे प्रमुख ठाणे होता. १७५६ मध्ये तो आंग्र्यांकडून गेला आणि पुढे पेशव्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. आनंदराव धुळप यांची कारकीर्द याच ठाण्याशी निगडित आहे. वाघोटनच्या खाडीलगत गिर्ये येथे खडकात खोदलेली जुनी गोदी आजही पाहावयास मिळते. गलबत, गुराब यांसारखी देशी जहाजे बांधताना त्यांचा आकार प्रामुख्याने मिस्त्रीच्या नजरेत आणि मापाच्या सरावात असे. योजना आणि कृती यांचे स्थान एकाच व्यक्तीच्या ठायी होते.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये इंग्लंडला जाऊन चित्रपटाचा कॅमेरा विकत आणला. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांनी मात्र तो स्वतः बांधण्याचा मार्ग पत्करला. बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी हा उद्योग आरंभिला होता. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यानंतर बाबुरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट प्रदर्शित झाला. मिस्त्रीकाम करणाऱ्या घराण्यातून आलेल्या या कलावंताचे कोणतेही औपचारिक यांत्रिक शिक्षण झालेले नव्हते. यंत्र उलगडून पाहणे, त्याची कार्यपद्धती समजून घेणे आणि ते पुन्हा घडविणे हीच त्यांची शाळा होती. घरी सीएनसी राउटर बांधणाऱ्या आजच्या तरुणाचा खरा पूर्वज शोधावयाचा झाल्यास तो येथे सापडतो.

तिसरे उदाहरण सावंतवाडीचे. येथील चितारी समाजाने जोपासलेली लाकडी खेळणी, लाखकाम आणि गंजिफा यांची ख्याती सर्वश्रुत आहे. दशावतारी गंजिफात दहा रंगांची प्रत्येकी बारा अशी एकूण १२० पाने असतात आणि ती हाताने रंगविली जातात. ही कला लोप पावू लागली असता शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच तिला आश्रय देऊन तिचे पुनरुज्जीवन केले.

या तीनही उदाहरणांत काळ, वस्तू व समाज भिन्न असले तरी एक सूत्र समान आहे. हत्याराची चाल ठरविणारा आणि हत्यार हाती धरणारा हे दोघे वेगळे नव्हते.

संख्यात्मक नियंत्रणाचा उगम

हे सूत्र कोठे तुटले याचा शोध घेण्यासाठी युरोप-अमेरिकेच्या औद्योगिक इतिहासाकडे वळावे लागते. यंत्रास आधी लिहून ठेवलेल्या आज्ञेप्रमाणे चालविण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार याच्या १८०४ च्या मागात छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीने कापडाची नक्षी ठरत असे. तथापि धातू व लाकूड कापणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत दीर्घकाळ कुशल कारागीरच प्रमाण मानला जात होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही स्थिती पालटली. अमेरिकेतील मिशिगन राज्यात हेलिकॉप्टरची पाती तयार करणाऱ्या जॉन पार्सन्स यांच्यापुढे पात्यांचे वक्र आकार अचूक तपासण्याचा प्रश्न उभा राहिला. आकाराच्या रेषेवरील असंख्य बिंदूंची स्थाने गणिताने काढावीत आणि पाते त्या बिंदूंपाशी क्रमाने न्यावे, असा मार्ग त्यांनी व त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्यूलन यांनी काढला. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने या कामास अर्थसाहाय्य दिले. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेकडे यंत्राच्या नियंत्रणाचे काम सोपविण्यात आले. सप्टेंबर १९५२ मध्ये तेथे छिद्रित फितीवरील आकड्यांनुसार चालणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. एका कापयंत्राला चालविण्यासाठी शेकडो निर्वात नळ्यांचे भलेमोठे कपाट लागत होते. इतका खर्च सामान्य कारखान्यास परवडणारा नव्हता. म्हणून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हवाई दलाने स्वतःच्या खर्चाने अशी शंभराहून अधिक यंत्रे विमान उद्योगास पुरविली. नव्या तंत्राची बाजारपेठ येथे मागणीतून निर्माण झाली नव्हती. ती शासनाने घडविली होती.

स्वीकारलेला आणि सोडलेला मार्ग

याच सुमारास दुसराही एक मार्ग उपलब्ध होता. त्यात कुशल कारागीर पहिली वस्तू स्वतः तयार करीत असे. त्या वेळी यंत्राच्या झालेल्या सर्व हालचाली चुंबकीय फितीवर नोंदविल्या जात आणि पुढील वस्तूंसाठी तीच फीत पुन्हा चालविली जात असे. गायकाचे गाणे मुद्रित करावे त्याप्रमाणे हे कारागिराच्या हाताचे मुद्रण होते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात या पद्धतीवर काम झाले. मात्र ती मागे पडली.

इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या १९८४ मधील ग्रंथात या घटनेची मीमांसा केली आहे. त्यांच्या मते हा निर्णय निव्वळ तांत्रिक नव्हता. हालचाली नोंदविण्याच्या पद्धतीत कामाची सूत्रे कारागिराकडे राहत होती. संख्यात्मक नियंत्रणात ती कारखान्याच्या कार्यालयाकडे, म्हणजे आज्ञावली लिहिणाऱ्याकडे जात होती. व्यवस्थापनास हा दुसरा मार्ग अधिक सोयीचा वाटला. या प्रतिपादनाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. विमानाचे अनेक भाग असे होते की त्यांचा आकार कोणत्याही कारागिराच्या हातून पहिल्यांदाही उतरला नसता. जे हाताने घडतच नाही त्याचे मुद्रण कसे करणार, हा आक्षेप वाजवी आहे. परंतु जे काम हाताने घडत होते त्यावरही पुढे हीच व्यवस्था लागू झाली, हे नाकारता येत नाही. मोठ्या कारखान्यांत अनेक ठिकाणी यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे कच्चा माल चढविणे, तयार माल उतरविणे आणि बिघाड झाल्यास कळ दाबणे एवढेच काम उरले.

नियंत्रण कारखान्याबाहेर येते

१९७० च्या दशकात सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त होऊ लागले आणि कपाटाएवढे नियंत्रक लहान पेटीत मावू लागले. यंत्रास आज्ञा देण्याची ‘जी-कोड’ नावाची भाषा ‘आरएस-२७४’ या मानकाच्या रूपाने सर्वसाधारणपणे स्थिर झाली. १९८० मध्ये त्या मानकाची सुधारित आवृत्ती निघाली. तरीही नियंत्रकाची आतील रचना उत्पादक कंपन्यांपुरतीच गोपनीय राहिली.

ही गोपनीयता पुढे तीन टप्प्यांत शिथिल झाली. पहिल्या टप्प्यात, १९९० च्या दशकात, अमेरिकी शासनाच्या मानक संस्थेने यंत्रनियंत्रणाची एक आज्ञावली तयार केली आणि ती सार्वजनिक केली. तिच्यातूनच आजची लिनक्ससीएनसी ही आज्ञावली विकसित झाली. दुसऱ्या टप्प्यात, २००५ मध्ये, इटलीतील इव्रिया येथे विद्यार्थ्यांसाठी अर्डुइनो हे अल्पमोली नियंत्रक पटल तयार झाले. त्याच वर्षी इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी स्वतःचे भाग स्वतः घडवू शकणाऱ्या त्रिमितीय मुद्रकाचा ‘रेपरॅप’ प्रकल्प आरंभिला. तिसऱ्या टप्प्यात, २००९ मध्ये, नॉर्वेतील सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी जीआरबीएल ही आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. अर्डुइनोवर चालणाऱ्या या छोट्या आज्ञावलीने जी-कोड वाचून मोटारींना चाल देण्याचे काम तळहाताएवढ्या पटलावर आणून ठेवले. १९५२ मध्ये ज्यासाठी हवाई दलाचा खजिना लागला, ते नियंत्रण अवघ्या ५७ वर्षांत विद्यार्थ्याच्या खिशास परवडू लागले.

महाराष्ट्राचा या प्रवाहाशी आलेला संबंध विशेष उल्लेखनीय आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. हातांनी काम करीत शिकणे हे त्यांच्या शिक्षणविचाराचे मध्यवर्ती सूत्र होते. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमाद्वारे ते ग्रामीण शाळांपर्यंत पोहोचले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने उदयास आलेल्या ‘फॅब लॅब’ या कार्यशाळांपैकी अगदी आरंभीची एक २००२ मध्ये पाबळ येथेच सुरू झाली. ज्या संस्थेत पन्नास वर्षांपूर्वी नियंत्रण कारागिरापासून दूर गेले, त्याच संस्थेच्या सहकार्याने ते शिरूर तालुक्यातील एका गावी परत आले, हा इतिहासातील लक्षणीय योग होय.

पडवीतील यंत्र : बांधणी व जोडणी

घरगुती यंत्राची बांधणी तपशिलाने पाहिल्यास उपरोक्त प्रतिपादन अधिक स्पष्ट होते. सर्वप्रथम सांगाडा उभारावा लागतो. त्यासाठी लोखंडी चौकोनी नळ्या, ॲल्युमिनियमचे साचेबद्ध दांडे किंवा जाड प्लायवूड वापरले जाते. सांगाडा काटकोनात आहे की नाही हे पाहण्यास महागडे उपकरण लागत नाही. गवंडी व सुतार यांच्या पद्धतीप्रमाणे दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू समान असून कर्णही समान भरले तर चौकट काटकोनी आहे. अशा प्रकारे जुने ज्ञान नव्या यंत्राच्या पायाशीच उपयोगी पडते.

चाल देण्यासाठी स्टेपर मोटार वापरतात. ही मोटार सलग न फिरता ठरावीक पावलांनी फिरते. सामान्यतः २०० पावलांत तिचा एक फेरा पूर्ण होतो, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे असते. चालक-पटलाने प्रत्येक पावलाचे आठ भाग केल्यास एका फेऱ्यास १,६०० सूक्ष्म पावले होतात. मोटारीस जोडलेला आटे असलेला दांडा एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवीत असेल, तर एका मिलिमीटरला ३२० पावले पडतात. हा आकडा नियंत्रकात भरावा लागतो. तो चुकल्यास १०० मिलिमीटरची फळी त्या प्रमाणात लहान-मोठी कापली जाते. आकडा बरोबर असूनही वर्तुळ किंचित बिघडत असेल, तर दोष आट्यांतील ढिलाईत किंवा सांगाड्याच्या लवचीकपणात शोधावा लागतो. तयार यंत्र घेणाऱ्यास हे दुवे सहसा दिसत नाहीत. यंत्र बांधणाऱ्यास ते अनुभवाने ठाऊक होतात.

विद्युतजोडणीत दक्षता अधिक लागते. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह वीजपुरवठा पेटीतून २४ ते ४८ व्होल्टवर आणून चालक-पटलांना दिला जातो. मर्यादा दर्शविणाऱ्या कळा एरवी बंद राहणाऱ्या प्रकाराच्या असाव्यात, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबते. आणीबाणीच्या लाल कळीने मोटारींचा व पात्याचा वीजपुरवठा प्रत्यक्षच तोडला पाहिजे. ते काम आज्ञावलीवर सोपवू नये. वीज चालू असताना मोटारीची तार चालक-पटलापासून काढल्यास पटल जळू शकते. पात्याचा वेग बदलणाऱ्या उपकरणातून विद्युत गोंगाट निर्माण होतो आणि त्यामुळे मर्यादेच्या कळांचे खोटे संकेत मिळतात. त्यावर आवरणयुक्त तारा, स्वतंत्र मार्ग आणि योग्य भूजोडणी हे उपाय आहेत. २३० व्होल्टची जोडणी जाणकार तारतंत्र्याकडूनच करवून घेणे इष्ट ठरते.

कोकणातील हवामानाचा विचार यात आणखी भर घालतो. पावसाळ्यातील दमट हवेने सरकपट्ट्या गंजतात आणि मेज म्हणून वापरलेली एमडीएफची फळी फुगते. त्यामुळे जूनमध्ये सपाट असलेले मेज ऑगस्टमध्ये पुन्हा सपाट करावे लागते. काम चालू असताना वीज गेल्यास यंत्रास स्वतःच्या स्थानाचे भान राहत नाही. म्हणून वीज आल्यावर प्रथम मूळ स्थानी जाऊन नव्याने मोजणी सुरू करण्याची सोय असणे अगत्याचे आहे. लाकडाच्या भुशाचाही प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केलेला आहे. घराच्या पडवीत लहान मुले व वृद्ध वावरत असताना भुसा ओढून घेणारी व्यवस्था ऐच्छिक मानता येणार नाही.

सावंतवाडीच्या लाकडी कामापुढील प्रश्न

अशा यंत्राने सावंतवाडीच्या परंपरागत कामाचे काय होईल, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सरसकट देता येत नाही. फळे, भाज्या यांसारखी गोलाकार खेळणी फिरत्या लाकडावर कातली जातात. ते काम तीन दिशांच्या राउटरचे नाही. सपाट भाग कापणे, पाटाच्या किंवा चौरंगाच्या कडा काढणे, पेटीच्या बाजूंचे सांधे जुळविणे, एकसारखे अनेक तुकडे पाडणे ही कामे मात्र तो वेगाने करतो. रंगकाम हे हाताचेच राहते आणि वस्तूचे खरे मोल त्यातच असते.

धोका यंत्रात नसून त्याच्या मालकीच्या व्यवस्थेत आहे. आकृतीची फाइल एकदा तयार झाली की ती कोणत्याही शहरातील यंत्रावर चालते. ती फाइल आणि यंत्र व्यापाऱ्याकडे असल्यास चितारी कुटुंबाकडे फक्त रंग भरण्याची मजुरी उरेल आणि अमेरिकी कारखान्यांत घडले त्याचीच पुनरावृत्ती येथे होईल. उलट यंत्र कारागिराने किंवा कारागिरांच्या संस्थेने स्वतः बांधलेले असेल, आकृती त्यांनीच काढलेली असेल आणि बिघाड त्यांनाच दुरुस्त करता येत असेल, तर तेच यंत्र हाताचा विस्तार ठरेल. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, होडी बांधणारे व खेळणी घडविणारे यांचा समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु अवजार देणे आणि अवजाराचे नियंत्रण शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे १९५२ नंतरचा इतिहास सांगतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. संख्यात्मक नियंत्रणाचे जे रूप रूढ झाले ते तंत्राच्या अटळ प्रगतीतूनच आले असे म्हणता येत नाही. शासनाचा पैसा, युद्धाची गरज आणि व्यवस्थापनाची सोय यांनी त्यास आकार दिला.

२. खुल्या आज्ञावल्या आणि अल्पमोली नियंत्रक यांमुळे योजना व कृती पुन्हा एका व्यक्तीच्या हाती येणे शक्य झाले आहे. मात्र ही केवळ शक्यता आहे. यंत्र विकत घेऊन कुलूपबंद खोलीत ठेवल्यास ती प्रत्यक्षात येणार नाही.

३. बाबुराव पेंटर यांचा कॅमेरा, विजयदुर्गाची गोदी व पाबळची कार्यशाळा ही उदाहरणे पाहता यंत्र स्वतः घडविण्याची प्रवृत्ती महाराष्ट्रास परकी नाही. अभ्यासक्रमात तिला स्थान देताना बाहेरून काही आणावयाचे नसून घरातील परंपरेचीच ओळख करून द्यावयाची आहे.

४. ग्रामीण महाविद्यालयांची जबाबदारी येथे स्पष्ट होते. भौतिकशास्त्र विभागाने मोटार व नियंत्रक, गणित विभागाने निर्देशांक, वाणिज्य विभागाने कारागिरांच्या संस्थेची रचना आणि इतिहास विभागाने या कौशल्यांची नोंद असा भार वाटून घेतल्यास एक यंत्र अनेक विषयांची प्रयोगशाळा होऊ शकते. त्या यंत्रावर स्थानिक सुतार, कातारी व चितारी यांना शिकणाऱ्याचेच नव्हे, तर शिकविणाऱ्याचेही स्थान मिळाले पाहिजे, कारण लाकडाचा स्वभाव जाणणारे तेच आहेत.

तळेरेहून निघणाऱ्या वाटांवर मालाची वाहतूक पूर्वीपासून होत आली आहे. नव्या काळात त्याच वाटांनी तयार यंत्रेही येतील. ती येऊ नयेत असा आग्रह धरणे व्यर्थ आहे. परंतु ती उघडून पाहण्याचा, समजून घेण्याचा आणि गरजेप्रमाणे नव्याने बांधण्याचा अधिकार येथील कारागिरास व विद्यार्थ्यास मिळतो की नाही, यावर या भागातील श्रमाचे पुढील मोल ठरणार आहे.